पाणी ठेव

सासू : "पाणी ठेव गं." बस, एवढंच. आई नाही, नाव नाही. वळणावरून होडी दिसायच्या आधी माझ्या पोराची हाक यायची. एवढासा होता तेव्हापासून. बापाबरोबर जायचा आणि बापाच्या आधी ओरडायचा, चिरक्या आवाजात, जशी काही सगळी मासळी यानेच ओढली. आणि आत्ता तू शेडच्या दारातून येता येता तेच बोललास, मिस्त्री.

मिस्त्री : चुकलं, काकू. मी म्हणालो, पाणी ठेवता का वहिनी, चहाचं.

सासू : चहाचं हे तू शेवटी म्हणालास. माझे कान तोवर थांबले नाहीत.

सून : आई, बसा तुम्ही. भाऊजी, तुम्हीही बसा. ते पोतं सरकवा, नुसत्या बाटल्याच आहेत त्यात. चहा होतोय.

सासू : साखर बेताने टाक. त्याचं पोट होडीत मावत नाही आता.

मिस्त्री : पोट मावतं हो, होडीच आकसलीय. पण मी चहाला नाही आलो, काकू. भरती संपत आलीय. घटकाभरात धार थांबून पाणी उभं राहील. खाडीच्या तोंडाशी बांधलेलं कचऱ्याचं जाळं सोडायचं तर तेवढ्यातच. ओहोटी लागली की डबे, दोर, जाळं सगळं मला घेऊन जाईल समुद्रात, आणि मग तुम्ही मलाही शोधत बसाल.

सून : भाऊजी.

मिस्त्री : माझ्या जिभेला हाड नाही, वहिनी. माफ करा.

सासू : बोलू दे त्याला. माझ्यासमोर सगळे कापसात गुंडाळून बोलतात, हा एकटा तसाच आहे. मुलाचा दोस्त म्हणून शोभतो. पण मला एक सांग, जाळं सोडायचं कुणी ठरवलं?

सून : कालच्या सभेत ठरलं. तुम्हाला निरोप दिला होता.

सासू : मी कामात होते.

सून : तुम्ही खाडीच्या तोंडाशी बसला होतात, भरती बघत.

सासू : मग? तेच माझं काम.

सून : आई, ऐकून तरी घ्या. काल पहिल्यांदा पुलापलीकडच्या बायका आल्या. आपण दोन पावसाळे झाले, ओरडतोय. आपल्या गल्लीत ओलं वेगळं, सुकं वेगळं. ढकलगाडी दारोदार जाते. तुमच्या शेडमध्ये सगळं निवडलं जातं. आणि त्यांचं? अंधार पडला की नाल्यात. नाला पुलाखाली खाडीत सोडतो, खाडी आपल्या दारावरून नेते. तर काल त्यांच्यातली एक शिवणकाम करणारी बाई उठली. म्हणाली, तुमचं जाळं तिकडे लांब, आमच्या डोळ्यांना काय दिसतं? ते आमच्या पुलाखाली आणून बांधा. सकाळी खिडकी उघडली की माझीच पिशवी मला तरंगताना दिसली पाहिजे. मग बघते माझा हात नाल्याकडे कसा जातो ते. बाकीच्या आधी कुजबुजल्या, मग हसल्या, मग त्यांच्यातल्या काहीजणी म्हणाल्या की आम्ही गाडी ओढू. पण जाळं आधी हवं.

सासू : पुलाखाली धार आहे. टिकायचं नाही जाळं.

मिस्त्री : पुलाच्या खांबांना कड्या ठोकून आलोय, काकू. इंजिन टांगलं तरी धरतील.

सासू : तिथे वास येतो.

मिस्त्री : आणि इथे अत्तराचा कारखाना आहे.

सासू : तू गप. मग त्यांना दुसरं जाळं करून द्या की.

सून : डबे कुठून आणायचे? एवढे बिनगळतीचे डबे जमवायला आपल्याला किती दिवस लागले, तुम्हीच दोर ओवलेत त्यात. पाऊस तोंडावर आलाय. पहिल्या मोठ्या पावसात नाला सगळं पोटातलं एकदम ओकतो. त्याच्या आत जाळं वर गेलं नाही, तर त्या बायका परत येणार नाहीत. आज सांज व्हायच्या आत पुलाखाली बांधतो, असं मी त्यांना कबूल केलंय.

सासू : तू कबूल केलंस.

सून : हो.

सासू : जाळं कुणाचं?

सून : गल्लीचं.

सासू : गल्लीला शिकवलं कुणी? प्लास्टिक दिसायला सारखं, हाताला सारखं, वेडावून गेल्या होत्या सगळ्या. मी म्हटलं, डोळे मिटा, कानाने निवडा. चुरगळा. वाजतं ते या पोत्यात, मुकं ते त्या पोत्यात. त्या दिवसापासून भंगारवाल्याकडून एक पोतं परत आलं नाही. आणि आज मला न विचारता माझ्यासमोरचं जाळं उचलतात.

मिस्त्री : विचारायलाच आलोय, काकू. न विचारता सोडायचं असतं तर सकाळीच सोडलं असतं. वहिनी म्हणाल्या, आईंनी हो म्हटल्याशिवाय गाठीला हात लावायचा नाही.

सासू : असं म्हणाली? मग ठीक. घे, चहा घे. आणि तू गं शहाणे, हे केवढं पाणी ठेवलंस चहाला? घरीही तेच. सकाळी हे भलंमोठं तपेलं भरून तापवते, मिस्त्री. अंघोळ करणाऱ्या आम्ही दोघी, चिमणीएवढ्या. उरलेलं गार होतं आणि ही मोरीत ओतते. किती वेळा सांगितलं, माप धर. ऐकते का?

सून : सवय आहे, आई.

सासू : सवयीला गॅस फुकट मिळतो वाटतं. मिस्त्री, चहा बशीत ओत, ओठ भाजतील. आणि एक खरं सांग.

मिस्त्री : विचारा.

सासू : माझ्या पोराची होडी रिकामी सापडली, बाहेर, वाळूच्या बांधापलीकडे. तू ओढून आणलीस. इंजिनाचा पंखा तूच सोडवलास. काय होतं त्याच्या पंख्यात?

मिस्त्री : किती वेळा विचाराल, काकू? प्लास्टिक.

सासू : कसलं प्लास्टिक?

मिस्त्री : गच्च पीळ बसला होता. त्यातून काय ओळखणार?

सासू : तू इंजिनाचा ढेकर ऐकून सांगतोस काल काय प्यायलंय ते. तुला ओळखता आलं नाही?

मिस्त्री : गादीवरचं होतं. नवी गादी येते ना दुकानातून, तिच्यावर जाड कव्हर असतं, तसलं. अर्धं कापलं होतं सुरीने. मी हे वहिनींना सांगितलंय. तुम्हाला का सांगितलं नाही, ते मला नका विचारू.

सासू : गादीवरचं. समुद्रात काय काय वाहत असतं. कुठल्या देशाची गादी असेल, कुणाला ठाऊक.

मिस्त्री : वहिनी, मी होडी घेऊन जाळ्याच्या पलीकडच्या खांबाला जाऊन बसतो. वाऱ्यात बोलणं पोचायचं नाही. काकूंचं हो असेल तर पूर्वीसारखी भांड्यावर पळी वाजवा. दोनदा. नाही वाजली तर मी समजेन, आणि परत येऊन उरलेला चहा पिईन.

(मिस्त्री जातो. दोघी काही वेळ पोत्यातलं निवडत राहतात.)

सून : आई, हे मुकं आहे. तुम्ही वाजणाऱ्यात टाकलंत.

सासू : टाकलं असेल. आज कान भरून आलेत.

सून : एक बोलू?

सासू : नको म्हटलं तर थांबणार आहेस?

सून : आपला कचरा ओहोटीला येतो. वरून, नाल्यातून. जाळ्याला काय अडकलं ते बघायचं तर ओहोटीला बसायचं. तुम्ही भरतीला बसता. रोज. उन्हातसुद्धा.

सासू : बघत होतीस होय.

सून : गल्लीत सगळ्यांना माहीत आहे. कुणी बोलत नाही. तुम्ही तेव्हा गुणगुणताही.

सासू : ते ऐकलंस? मग म्हणून दाखवते, चोरून कशाला ऐकायचं.
"भरतीच्या पाण्या, तुझा हात किती लांब,
नेलंस ते ठेव, दारी जरासं तू थांब."
माझंच आहे. निवडता निवडता जुळलं.

सून : काय शोधता, आई?

सासू : हसशील.

सून : नाही.

सासू : सुरी. त्याची. लाकडी मुठीची. तो लहानपणी सारखी पाण्यात पाडायचा म्हणून मी मुठीला बुचं ओवून बांधली होती, तरंगावी म्हणून. मोठा झाला तरी सोडली नाहीत त्याने ती बुचं. इतर पोरं चिडवायची. माणूस बुडतो गं. हाडामांसाचं वजन असतं. पण ती सुरी बुडायची नाही. ती कुठे ना कुठे तरंगत असणार. आणि समुद्र काही ठेवून घेत नाही, भरतीला आणून टाकतो. जाळं तोंडाशी आहे तोवर ती आत येताना अडकेल. वर पुलाखाली नेलंत, की माझ्या समोरून आत जाईल आणि मला दिसायची नाही. बस. हे माझं कारण. धार नाही, वास नाही. आता सांग त्या शिवणकामवालीला.

सून : मला वाटलंच होतं.

सासू : मला कचऱ्याचा पुळका नाही, पोरी. तुम्ही सगळ्या मला सभेत मोठं करता, हार घालता, काकूंनी खाडी साफ केली म्हणता. काकू काही साफ करत नाही. काकू वाट बघते.

सून : खाडी साफ झालीच ना पण.

सासू : झाली असेल. वाट बघता बघता हात रिकामे कशाला ठेवायचे.

सून : आई, पाणी उभं राहिलं.

सासू : दिसतंय मला. ती बाटली बघ, कुठेच जात नाही. ना आत, ना बाहेर. आपल्यासारखी.

सून : भाऊजी थांबलेत.

सासू : थांबू दे. मला एक कारण दे. एकच. समुद्राने नेलं, मी समुद्राच्या तोंडाशी बसते. ते सोडून मी पुलाखाली का जावं? त्या लोकांच्या पिशव्यांशी माझ्या मुलाचं काय देणंघेणं?

सून : ते पोतं द्या इकडे.

सासू : बघ, नाही ना. तू चांगली आहेस, तुझं काम चांगलं आहे. पण तू तरुण आहेस, तुला पुढचं दिसतं. मला एवढंच उरलंय. आणि एक समाधान. ते तुला कधी सांगितलं नाही.

सून : कसलं?

सासू : मी त्या दिवशी बहिणीकडे होते. इतक्या वर्षांत त्याच्या हाकेला मी घरात नाही असं कधी झालं नव्हतं. तापात असले तरी उठायचे. वळणावरून हाक आली की आधी तपेल्यावर पळी वाजवायची, ऐकलं म्हणून सांगायला, मग त्याच्या अंघोळीचं पाणी ठेवायचं. त्या एका दिवशी नव्हते. मग मी मनाला म्हणते, बरं झालं तो लांब गेला. बांधापलीकडे. तिथून हाक पोचतच नाही, तेव्हा त्याने मारलीच नसेल. त्याने वळणावरून हाक मारली असती आणि माझी पळी वाजली नसती, तर... मी जगले नसते, पोरी. खरंच सांगते. हे एवढं धरून मी उठते रोज.

सून : म्हणूनच.

सासू : काय म्हणूनच?

सून : म्हणूनच बोलले नाही. तुम्ही बहिणीकडून आलात, चप्पल पायात तशीच, आणि दारातच विचारलंत, हाक मारली होती का गं त्याने? तुमचा चेहरा असा होता की माझी मान आपोआप हलली. नाही म्हणून. एकदा हललेली मान परत फिरवता आली नाही मला.

सासू : हात थांबव. निवडणं थांबव. इकडे बघ.

सून : समुद्राने नाही नेलं, आई.

सासू : इकडे बघून बोल.

सून : ते आत आले होते. बांध ओलांडून, तोंड ओलांडून, वळणापर्यंत. धुकं होतं, हात पुढे केला तर दिसत नव्हता. पण हाक आली.

सासू : तुला भास झाला असेल. तू एकटी होतीस घरात. एकट्या माणसाला ऐकू येतं.

सून : तुम्हीच म्हणता माझे कान तिखट आहेत. मग इंजिनाचा आवाज जवळ जवळ आला आणि बंद झाला. मला वाटलं, पोचले. काठाला लागले. मी टॉवेल काढून ठेवला.

सासू : मग?

सून : पोचले नव्हते. पंख्याला ते प्लास्टिक गुंडाळलं होतं. सोडवायला हे सुरी घेऊन पाण्यात उतरले असणार.

सासू : भरती होती का गं तेव्हा?

सून : ओहोटी. नुकतीच लागली होती, पण जोरात होती. होडी तिने बाहेर नेली.

सासू : ओहोटी. म्हणजे ते गादीवरचं...

सून : वरून आलेलं. पुलाखालून. कुणाच्या तरी घरात नवी गादी आली होती, आई. एवढंच. कुणी वाईट नव्हतं. शोधायला आलेल्यांना मी सगळं सांगितलं होतं. भाऊजींनाही. वळण सगळं पिंजून काढलं त्यांनी, तुम्ही यायच्या आत. काही मिळालं नाही. मग मी त्यांना हात जोडले की आईंना एवढं सांगू नका.

सासू : घरापासून एवढ्याशा अंतरावर.

सून : हो.

सासू : आणि मी इथे तोंडाशी बसून समुद्राला शिव्या देते.

सून : मला माफ करू नका हवं तर. पण त्या बायका काल बोलल्या तेव्हा मला वाटलं, आता नाही बोलले तर कुणाच्या तरी दुसऱ्या वळणावर...

सासू : थांब. हे सोड. ते सगळं नंतर. मला आधी एक सांग. हाक आली तेव्हा तू काय केलंस?

सून : काय केलं म्हणजे?

सासू : पळी कुठे होती?

सून : जाग्यावर. तपेल्याशेजारी.

सासू : वाजवलीस?

सून : वाजवली.

सासू : नक्की? माझी समजूत काढू नकोस. आत्तापर्यंत काढलीस तेवढी पुरे.

सून : दोनदा वाजवली, आई. तुमच्यासारखी. आधी काठावर, मग पोटावर.

सासू : त्याला ऐकू गेली असेल?

सून : गेली. तिकडून म्हणाले, "आज आई नाही वाटतं." तुमचा हात ओळखायचे. मी हसले. त्यांना ते ऐकू गेलं की नाही, माहीत नाही.

सासू : ओळखलंन. मेला. धुक्यातून ओळखलंन.

सून : आई...

सासू : रडत नाहीये मी. जरा थांब. ... ती बाटली हलली का गं?

सून : हलायला लागलीय. बाहेरच्या बाजूला.

सासू : मग पळी आण. तो जाडा तिकडे खांबाला चिकटून बसलाय, त्याला घेऊन जाईल ओहोटी.

सून : तुम्ही वाजवा. तुमचं हो आहे.

सासू : नाही. तू वाजव. त्याच्या हाकेला तू वाजवलीस, आता हीही तुझीच. आधी काठावर, मग पोटावर. हं. आणखी एकदा. अशी. पोचली का बघ.

मिस्त्री : (लांबून) ऐकलं, काकू. सोडतो.

सासू : सोडतोय. बघ, एक डबा सुटला. उद्यापासून मला पुलाखाली जागा करून द्या. सावलीची बघा, आता उन्हात बसवत नाही. त्या शिवणकामवालीला म्हणावं, पिशवी कानाने कशी ओळखायची ते काकू शिकवेल. सुरी... सुरी आतच असेल कुठेतरी, वळणावरच्या चिखलात रुतलेली. असू दे. त्याच्याजवळच असेल.

सून : आई, तुम्ही सकाळी बोलता ना मला, माप धर म्हणून.

सासू : ते काय आत्ता? बोलते, सासू आहे. मनावर घ्यायचं नाही.

सून : नाही, तसं नाही. ते जास्तीचं पाणी. तुम्ही उठायच्या आत ठेवते, गार होईपर्यंत राहू देते, मग ओतते. मला मोजता येत नाही म्हणून नाही.

सासू : मग कशाला गं?

सून : ते ह्यांचं असतं.